फिशिंगचे नवे धोके आणि संस्थांची माहिती-तंत्रज्ञान सुरक्षा

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :
- व्यक्तीवरचे फिशिंग आणि संस्थेवरचे फिशिंग यांत फरक काय आहे.
- ई-मेलवर दिसणारे प्रेषकाचे नाव खोटे कसे असू शकते आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या उपायांची मर्यादा कोठे येते.
- ओटीपी असूनही खाते कसे चोरले जाते आणि पासकी ते कसे रोखते.
- पैसे देण्याची कार्यपद्धती कशी आखली म्हणजे एका खोट्या संदेशाने संस्थेचे नुकसान होणार नाही.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, फिशिंगची पाठ्यपुस्तकातली व्याख्या तुम्हाला बहुधा पाठ असेल : खोटा ई-मेल पाठवून, खोट्या संकेतस्थळावर नेऊन एखाद्याचा पासवर्ड काढून घेणे. ही व्याख्या चुकीची नाही, पण आज ती अपुरी आहे. का, ते पुण्यातल्या एका घटनेवरून पाहू.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या लस बनवणाऱ्या कंपनीच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले. पाठवणाऱ्याने आपण कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला आहोत असे भासवले होते. काही बँक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा, असा मजकूर होता. संदेश वरिष्ठांचा आहे असे समजून ७ आणि ८ सप्टेंबर या दोन दिवसांत कंपनीतून १ कोटी १ लाख रुपयांहून अधिक रक्कम त्या खात्यांवर गेली. पूनावाला यांनी असा संदेश पाठवलाच नव्हता, हे नंतर लक्षात आले. पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि पुढे निरनिराळ्या राज्यांतून संशयितांना अटक झाली.

आता या घटनेत काय काय नव्हते ते पाहा. व्हायरसची फाईल नव्हती, खोटे लॉगिन पान नव्हते, कोणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही. कंपनीचा फायरवॉल कितीही चांगला असता तरी त्याला या संदेशाचा पत्ता लागला नसता, कारण संदेश कंपनीच्या नेटवर्कमधून आलाच नव्हता. पैसे पाठवणाऱ्यांना पैसे पाठवण्याचा अधिकार होता आणि बँकेनेही खऱ्या ग्राहकाची खरी सूचना पाळली. खोटी होती ती फक्त एक गोष्ट : हुकूम कोणाचा आहे.

या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे. संस्थेवरचे फिशिंग तिच्या कामाच्या सवयीवर हल्ला करते. साहेबांचा निरोप आला की उलट विचारायचे नाही, ही ती सवय. म्हणून उपायाचा अर्धा भाग तंत्रज्ञानात आहे आणि अर्धा भाग संस्थेच्या लेखी नियमात आहे. दोन्ही अर्धे आपण पाहणार आहोत.

२. फिशिंगचे प्रकार

'फिशिंग' हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील एओएल या इंटरनेट सेवेच्या काळात रूढ झाला. तेव्हा लोकांना सेवेचे कर्मचारी असल्याचे भासवून त्यांचे पासवर्ड मागितले जात. गळ टाकायचा आणि कोणता मासा लागतो ते पाहायचे, अशी ही पद्धत होती. संस्थांच्या संदर्भात पुढील प्रकार लक्षात ठेवा :

- सरसकट फिशिंग : एकच संदेश हजारो लोकांना. 'तुमचे केवायसी संपले आहे' हे नेहमीचे उदाहरण.
- स्पिअर फिशिंग : ठरावीक व्यक्तीसाठी, तिचे नाव, पद आणि चालू काम यांची माहिती काढून लिहिलेला संदेश.
- व्हेलिंग : संस्थेतल्या वरिष्ठांना लक्ष्य करणारा हल्ला. वरिष्ठांच्या नावाने कनिष्ठांना फसवण्याला सीईओ फ्रॉड म्हणतात. पुण्याच्या घटनेत पैसे हलवू शकणारा वरिष्ठ गाठला आणि त्याच्याही वरच्याचे नाव वापरले.
- बिझनेस ई-मेल कॉम्प्रमाइझ : पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातल्या खऱ्या पत्रव्यवहारात शिरून बँक खाते बदलायला लावणे.
- स्मिशिंग आणि व्हिशिंग : अनुक्रमे एसएमएस आणि फोनवरून केलेले फिशिंग.

३. हल्लेखोर संस्था का निवडतो?

पहिले कारण उघड आहे. एका माणसाच्या खात्यात हजारो किंवा लाखो रुपये असतील, तर संस्थेच्या खात्यातून एका व्यवहारात कोटी निघू शकतात. दुसरे कारण म्हणजे संस्थेबद्दलची माहिती उघड्यावर असते. संचालकांची नावे संकेतस्थळावर असतात, अकाउंट्समध्ये कोण आहे ते लिंक्डइनवर दिसते, साहेब परिषदेसाठी परदेशात गेल्याचा फोटो संस्थेनेच टाकलेला असतो. आणि तिसरे कारण अधिकाराची उतरंड. घरी आलेल्या अनोळखी फोनवर आपण जितका सहज संशय घेतो, तितका साहेबांच्या निरोपावर घेत नाही.

चौथी गोष्ट वेळेची. पुण्यातीलच कॉसमॉस बँकेवर २०१८ मध्ये झालेला हल्ला वेगळ्या प्रकारचा होता. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून बनावट कार्डांवरचे व्यवहार मंजूर करून घेतले गेले. पण त्याची वेळ पाहण्यासारखी आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतून आणि भारतातूनही एटीएममधून पैसे काढले गेले. त्यानंतर सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टच्या मार्गाने सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण फटका ९४ कोटींचा होता.

आता हावडा-कोलकात्याच्या शेजारी ढाक्याला जाऊ. बांगलादेश बँक म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक. अमेरिकन तपास यंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात सादर केलेल्या तक्रारीनुसार, हल्लेखोरांनी २०१५ च्या सुरुवातीला बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ई-मेल पाठवले होते. त्यात बायोडेटा पाहण्यासाठी लिंक होती. नोकरीचा अर्ज ही कोणत्याही कार्यालयात रोज येणारी, निरुपद्रवी वाटणारी गोष्ट. तिथून आत शिरलेले हल्लेखोर सुमारे वर्षभर बँकेच्या नेटवर्कमध्ये थांबले. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारी रात्री त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला एकूण सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याच्या सूचना पाठवल्या. शुक्रवार-शनिवार बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. बहुतेक सूचना अडल्या, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सच्या बँकेतून निघून गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाचले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावात 'फाउंडेशन' हा शब्द चुकीच्या स्पेलिंगने लिहिला होता आणि वाटेतल्या बँकेने त्यावर खुलासा मागितला.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबा. नुकसान कमी झाले ते कोणीतरी उलट प्रश्न विचारल्यामुळे. हा धागा आपल्याला पुढे लागणार आहे.

४. एका फाउंड्रीचे उदाहरण

मोठ्या बँकांची नावे ऐकून लहान कारखान्यांना हा विषय आपला वाटत नाही. म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात जशा फाउंड्र्या आहेत, तशा आमच्या हावड्यातही लोखंड ओतणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या फाउंड्र्या आहेत. इथे ओतलेली मॅनहोलची झाकणे परदेशांत, अगदी न्यूयॉर्कच्या रस्त्यांपर्यंत गेलेली आहेत. अशा एका फाउंड्रीची कल्पना करा : साठ कामगार, ऑफिसात चार माणसे, सगळा निर्यात व्यवहार एका ई-मेल खात्यावर.

पहिली पायरी : ऑफिसातल्या एकाला 'तुमच्या मेलबॉक्सची जागा संपली आहे, पुन्हा लॉगिन करा' असा ई-मेल येतो. तो लॉगिन करतो आणि पासवर्ड जातो. त्या दिवशी काहीच घडत नाही.

दुसरी पायरी : हल्लेखोर मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवतो. 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' हा शब्द असलेल्या प्रत्येक मेलची प्रत त्याच्याकडे जाऊ लागते. तो काही आठवडे फक्त वाचत राहतो. ग्राहक कोण, माल कधी निघणार, रक्कम किती, मालक मेलच्या शेवटी काय लिहितात, हे सगळे त्याला कळते.

तिसरी पायरी : माल जहाजावर चढतो. फाउंड्रीचे खरे इन्व्हॉइस ग्राहकाकडे जाते. दुसऱ्या दिवशी त्याच पत्रव्यवहाराच्या धाग्यात आणखी एक मेल जातो : 'ऑडिट चालू असल्यामुळे आमचे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे. कृपया या नव्या खात्यावर पैसे भरावेत.' सोबत तोच लेटरहेड आणि तीच सही. ग्राहकाने शंका काढलीच, तर त्याचे उत्तर आधीच लावलेल्या नियमामुळे फाउंड्रीच्या इनबॉक्समध्ये दिसतच नाही.

चौथी पायरी : पंधरा दिवसांनी फाउंड्री विचारते, पैसे कुठे आहेत? ग्राहक म्हणतो, दिले की!

दोघेही खरे बोलत आहेत. तोटा कोणी सोसायचा यावर वाद सुरू होतो. तोपर्यंत पिग आयर्नवाल्याचे बिल थकते, बँकेच्या कर्जाचे व्याज चढत राहते आणि पगाराची तारीख जवळ येते. लहान उद्योगात एक मोठी ऑर्डर बुडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कारखाना किंवा दुकान आहे त्यांना सांगायला नको.

असे फक्त लहानांच्याच बाबतीत घडते असे नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका माणसाने तैवानच्या एका हार्डवेअर पुरवठादाराच्या नावाने बिले पाठवून गुगल आणि फेसबुक या कंपन्यांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्याकडे जगातले उत्तम अभियंते आहेत, त्यांच्याही बिल-विभागातून पैसे गेले.

५. प्रेषकाचे नाव खोटे कसे असू शकते?

वर्गात हा प्रश्न नेहमी येतो : 'पण मेल तर त्यांच्याच पत्त्यावरून आला होता!' उत्तर समजायला टपालाचे उदाहरण पुरेसे आहे. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, पोस्टमन ते तपासत नाही. ई-मेलचा मूळ नियमसंच, एसएमटीपी, १९८२ मध्ये ठरला तेव्हा हे जाळे एकमेकांवर विश्वास असलेल्या मोजक्या संस्थांचे होते. त्यामुळे प्रेषक तपासण्याची सोय त्यात नव्हती. ती पुढे तीन थरांत आली.

एसपीएफ : डोमेनचा मालक डीएनएसमध्ये जाहीर करतो की माझ्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार फक्त या सर्व्हरना आहे. टपालाच्या भाषेत, 'आमची पत्रे फक्त याच पोस्टातून निघतात.'

डीकेआयएम : पाठवणारा सर्व्हर मेलवर डिजिटल सही करतो आणि ती तपासण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. हे पाकिटावरचे लाखेचे सील.

डीमार्क : वाचणाऱ्याला दिसणारा प्रेषकाचा पत्ता वरच्या दोहोंपैकी निदान एकाशी जुळतो का हे पाहतो. जुळला नाही तर काय करायचे, हेही डोमेनचा मालक सांगतो : काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही उपाय बंधनकारक केले.

अनेक संस्था डीमार्क लावतात, पण 'काही करू नका' याच पर्यायावर वर्षानुवर्षे ठेवतात. दारावर पहारेकरी बसवला, पण त्याला कोणालाही अडवू नकोस असे सांगितले, असा हा प्रकार आहे.

आता मर्यादा पाहा. परीक्षेत आणि नोकरीतही खरा प्रश्न इथेच असतो.

पहिली मर्यादा : दिसायला सारखे डोमेन. मराठी वाचताना घाईत 'ध' चा 'घ' आणि 'भ' चा 'म' होतो. तसेच रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे शेजारी आली की 'एम' भासतो. असे डोमेन हल्लेखोर रीतसर पैसे भरून विकत घेतो आणि त्यावर स्वतःचे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क व्यवस्थित लावतो. तिन्ही चाचण्या उत्तीर्ण होतात. कारण या चाचण्या 'हा मेल याच डोमेनवरून आला का' एवढेच सांगतात. ते डोमेन प्रामाणिक माणसाचे आहे का, हे सांगत नाहीत.

दुसरी मर्यादा : मेलबॉक्सच चोराच्या हाती गेला असेल, तर मेल खऱ्या सर्व्हरवरून खऱ्या सहीनेच निघतो. आपल्या फाउंड्रीत तेच झाले.

तिसरी मर्यादा : व्हॉट्सअ‍ॅप, फोन आणि एसएमएस हे मार्ग या तिन्हींच्या बाहेर आहेत.

डोमेनच्या बाबतीत भारतात झालेला एक बदल लक्षात ठेवा. बँकांची खोटी संकेतस्थळे ओळखणे सोपे जावे म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेपटीच्या डोमेनवर जाण्यास सांगितले. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळते.

६. नव्याने वाढलेले धोके

क) शुद्ध भाषेतले खोटे संदेश. 'स्पेलिंगच्या चुका शोधा' हा सल्ला आता भरवशाचा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणीही नीटस इंग्रजी, मराठी किंवा बांगला लिहून घेऊ शकतो. चुका असलेला मेल संशयास्पद असतोच, पण चुका नसलेला मेल त्यामुळे खरा ठरत नाही.

ख) क्यूआर कोड. मेलमधली लिंक कंपनीची यंत्रणा तपासू शकते. क्यूआर हे चित्र असते, आणि तो कर्मचारी स्वतःच्या फोनने स्कॅन करतो. म्हणजे ज्या उपकरणावर कंपनीचे संरक्षण नाही, तिथे हल्ला सरकवला जातो.

ग) एपीके फाईल. वाहतूक चलन, लग्नपत्रिका किंवा बँकेचे अ‍ॅप म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ही फाईल बसवली, की ती फोनवरचे एसएमएस वाचू लागते. कार्यालयीन खात्याचा ओटीपी त्याच फोनवर येत असेल, तर घरातला धोका कार्यालयात पोहोचतो.

घ) मध्यस्थ पान. ओटीपी असताना खाते कसे जाते, याचे उत्तर इथे आहे. हल्लेखोर खऱ्या संकेतस्थळाच्या आणि तुमच्या मध्ये आपले पान उभे करतो. तुम्ही टाकलेला पासवर्ड तो त्याच क्षणी खऱ्या स्थळाला देतो. खरे स्थळ ओटीपी पाठवते, तो तुम्ही त्याच पानावर टाकता, तोही पुढे जातो. लॉगिन यशस्वी होते आणि खऱ्या स्थळाने दिलेली सेशन कुकी मध्यस्थाच्या हाती पडते. ती कुकी चालू असेपर्यंत त्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी.

च) मंजुरीचा भडिमार. पासवर्ड मिळालेला हल्लेखोर रात्री-अपरात्री 'लॉगिन मंजूर करा' अशा सूचना पाठवत राहतो. कंटाळून माणूस एकदा 'हो' दाबतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत असेच झाले, आणि तिथेही हल्लेखोराने आपण आयटी विभागातून बोलत असल्याचे भासवले होते.

छ) बनावट आवाज आणि चेहरा. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याला वित्तप्रमुखांच्या नावाने गुप्त व्यवहाराबद्दल संदेश आला. त्याला आधी संशय आला होता. मग त्याला व्हिडिओ बैठकीत बोलावले गेले. तिथे वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय फिटला. प्रत्यक्षात समोरचे सगळे चेहरे संगणकाने बनवलेले होते. त्याने १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले.

अरुपच्या घटनेचा धडा नीट समजून घ्या. त्या माणसाने खातरजमा केली, पण हल्लेखोराने पुरवलेल्या मार्गाने केली. संशयास्पद संदेशातच दिलेल्या नंबरवर फोन करणे किंवा त्यानेच बोलावलेल्या बैठकीत खात्री करून घेणे, ही खातरजमा नव्हे.

७. उपाय

७.१ तंत्रज्ञानाचा भाग

पासकी आणि सुरक्षा-किल्ली : यांत गुप्त किल्ली संकेतस्थळाला कधी दिली जात नाही आणि ती ज्या डोमेनसाठी बनवली त्याच डोमेनला उत्तर देते. डोमेन कोणते हे ब्राउझर तपासतो, माणसाच्या डोळ्यांवर ते काम सोडलेले नसते. 'आर-एन' आणि 'एम' यांतला फरक तुम्हाला दिसला नाही तरी ब्राउझरला दिसतो, आणि खोट्या पानाला सही मिळत नाही. गुगलने २०१७ पासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या बंधनकारक केल्या. त्यानंतर कामाचे एकही खाते फिशिंगने गेल्याची नोंद नसल्याचे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. सगळ्यांना देणे परवडत नसेल तर अकाउंट्स, प्रशासक आणि वरिष्ठ यांच्यापासून सुरुवात करावी.

याशिवाय : डीमार्क 'नाकारा' या पातळीपर्यंत टप्प्याटप्प्याने नेणे. बाहेरून आलेल्या मेलवर 'बाहेरील' असा शिक्का उमटवणे. मेल बाहेर आपोआप पाठवणारे नियम बंद ठेवणे आणि असलेले महिन्यातून एकदा तपासणे. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार देणे. बॅकअप वेगळा ठेवणे.

७.२ कार्यपद्धतीचा भाग

वर पाहिलेल्या घटनांपैकी पुण्याची, फाउंड्रीची, गुगल-फेसबुकची आणि अरुपची, या चारही पुढील नियमांनी अडल्या असत्या किंवा लवकर उघड झाल्या असत्या. यांपैकी एकालाही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

- नवे बँक खाते किंवा खात्यातला बदल : आधीपासून आपल्या नोंदीत असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय मान्य करायचा नाही. हाच नियम ग्राहकालाही करारातच लिहून द्यायचा : 'आमचे खाते ई-मेलने कधीही बदलणार नाही.'
- दोन माणसे : ठरावीक रकमेवरचा व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून मंजूर करायचा. चेकवर दोन सह्या घेण्याची जुनी पद्धत हीच आहे.
- व्हॉट्सअ‍ॅपवर हुकूम नाही : पैसे पाठवण्याची सूचना फक्त ठरलेल्या कार्यालयीन मार्गाने. मालकांनाही यातून सूट नाही.
- लाभार्थीचे नाव : १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खात्यावरचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पूर्वी पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होत. ही सोय वापरायची आणि नाव जुळले नाही तर थांबायचे.
- घाई हीच धोक्याची खूण : 'ताबडतोब', 'गुप्त', 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका' हे शब्द दिसले की व्यवहार आपोआप थांबला पाहिजे, असे नियमातच लिहायचे.

हे नियम कागदावर सोपे आहेत. अवघड आहे ते पाळणे, कारण त्यासाठी कनिष्ठाला वरिष्ठाला विचारावे लागते : 'सर, हा संदेश तुम्हीच पाठवलात ना?' आपल्याकडच्या कार्यालयांत हा प्रश्न उद्धटपणा मानला जाण्याची भीती असते. ही भीतीच हल्लेखोराचे भांडवल आहे. म्हणून संस्थाप्रमुखाने स्वतः लेखी जाहीर केले पाहिजे की विचारणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे आणि विचारल्याबद्दल कोणालाही बोलणी बसणार नाहीत. एखाद्या दिवशी प्रमुखाचा खराच निरोप खातरजमेसाठी तासभर अडला, तर प्रमुखाने त्या कर्मचाऱ्याचे सर्वांसमोर कौतुक करावे. नियम रुजतो तो असा.

८. घटना घडल्यावर काय करावे?

१. पैसे गेले असतील तर आधी आपल्या बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा. चोरीची रक्कम एका खात्यातून अनेक खात्यांत झपाट्याने फुटते. ती गोठवता येते ती या सुरुवातीच्या वेळातच.

२. पासवर्ड बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. सर्व चालू सेशन बंद करा, मेलबॉक्समधले नियम तपासा, परवानगी दिलेली बाहेरची अ‍ॅप काढून टाका. चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते.

३. तो मेल पुसू नका. पूर्ण हेडरसह जपून ठेवा. तो पुरावा आहे.

४. ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता त्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना फोनवरून सावध करा.

५. सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेला कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंगसह ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे संस्थांना बंधनकारक आहे.

आता हा सहा तासांचा हिशेब मांडून पाहा. ज्याने लिंक दाबली त्याने नोकरी जाईल या भीतीने दोन दिवस तोंड उघडले नाही, तर संस्था काहीच करू शकत नाही. चुकून क्लिक करणाऱ्याला शिक्षा करणारी संस्था पुढच्या वेळची माहिती स्वतःच बंद करून टाकते. सराव म्हणून खोटे फिशिंग मेल पाठवणाऱ्या संस्थांनीही 'किती जणांनी क्लिक केले' यापेक्षा 'पहिली तक्रार किती मिनिटांत आली' हे मोजावे.

९. कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-सी दुसऱ्याची डिजिटल ओळख किंवा पासवर्ड वापरण्याबद्दल आहे, तर कलम ६६-डी संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्या बाजूला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संस्थेवरही जबाबदारी टाकतो. लोकांच्या माहितीचे पुरेसे संरक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

१०. सारांश

- संस्थेवरचे फिशिंग पासवर्ड न चोरताही होऊ शकते, कारण त्याचे लक्ष्य अधिकाराची उतरंड आणि कामाची घाई हे असते.
- एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क डोमेनची तोतयेगिरी रोखतात. सारखे दिसणारे डोमेन, चोरलेला मेलबॉक्स आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्यापुढे ते चालत नाहीत.
- ओटीपी मध्यस्थ पानातून पुढे जातो. पासकी डोमेनला बांधलेली असल्याने जात नाही.
- खातरजमा नेहमी आपल्या नोंदीतल्या, वेगळ्या मार्गाने करावी.
- एका माणसाला आलेल्या एका संदेशावर संस्थेचा पैसा हलता कामा नये.

तुमच्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या कार्यालयात नवखे म्हणून रुजू व्हाल. साहेबांच्या नावाचा 'अर्जंट' निरोप बहुधा तुमच्याच टेबलावर येईल, कारण नवखा माणूस विचारायला कचरतो हे हल्लेखोराला माहीत असते. म्हणून रुजू होताच पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा : इथे पैशांचा निरोप खरा की खोटा, हे कोणाला आणि कोणत्या नंबरवर विचारायचे? उत्तर मिळाले नाही, तर त्या संस्थेला तुमच्या अभ्यासाची गरज आहे असे समजा.

स्वाध्याय

१. कलम ४ मधील फाउंड्रीच्या उदाहरणात हल्ला कोणकोणत्या पायरीवर थांबवता आला असता? प्रत्येक पायरीसाठी एक तांत्रिक आणि एक कार्यपद्धतीचा उपाय लिहा.
२. डीमार्क 'नाकारा' या पातळीवर असूनही यशस्वी होतील अशा दोन फिशिंग हल्ल्यांचे वर्णन करा.
३. ओटीपी आणि पासकी यांची मध्यस्थ पानाच्या संदर्भात तुलना करा.
४. अरुपच्या घटनेत कर्मचाऱ्याला संशय येऊनही फसवणूक का झाली? खातरजमेची योग्य पद्धत पाच ओळींत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या कॉलेजच्या किंवा ओळखीच्या एखाद्या लहान उद्योगाच्या कार्यालयात जा. पुरवठादाराचे बँक खाते बदलण्याची विनंती आली तर तिथे सध्या काय करतात ते विचारा आणि त्यांच्यासाठी एका पानाचा नियम तयार करून द्या.